न दिसणाऱ्या गोष्टीची साक्ष

औंढा नागनाथाजवळ दुधाळा गांवीं 'लायगो-इंडिया' ही वेधशाळा व्हावयाची आहे, हें आपण ऐकिलेंच असेल. सरकारनें २०२३ सालीं तिच्यासाठीं सुमारें २,६०० कोटी रुपयांस मंजुरी दिली. इतका पैसा कशास, असें शेतकरी विचारतो, आणि तें विचारणें रास्तच आहे. पण मला त्याहून खोल प्रश्न हा वाटतो कीं, जी गोष्ट कोणीं पाहिली नाहीं व कोणास दिसणारही नाहीं, ती कोणाच्या साक्षीवरून खरी मानावी?

ह्या वेधशाळेंत दुर्बीण नसते. काटकोनांत बसविलेल्या चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्या, त्यांच्या टोकांस आरसे, आणि आरशांवरून परतणारा प्रकाशाचा किरण. अवजड गोल वेगानें हालले म्हणजे अवकाशांतच लाटा उठतात, असें अनुमान आईन्स्टाईन ह्यांनी १९१६ सालीं केलें होतें. लाट जातांना एक नळी किंचित् लांबते, दुसरी आंखडते. तो फरक अणूच्या गर्भांतील एका कणाच्या हजाराव्या भागाहूनही लहान असतो. रस्त्यानें ट्रक गेला तरी जमीन त्याहून अधिक हालते. म्हणूनच शांत भूमि शोधीत शोधीत लोक हिंगोलीस आले.

पण इतकें नाजूक यंत्र हाललें, तर तें लाटेनें कीं ट्रकनें, हें कसें ठरवावें?

१९६९ सालीं जोसेफ वेबर ह्या अमेरिकन पंडितांनी अशा लाटा आपणांस सांपडल्याचें जाहीर केलें. ॲल्युमिनियमचे जड दंडगोल त्यांनी दोन दूरदूरच्या ठिकाणीं ठेविले होते. परंतु दोन्हीं ठिकाणचे त्यांचेच. इतरांनी तशीं यंत्रें करून पाहिलीं, त्यांस कांहींच आढळलें नाहीं. वेबर लबाड नव्हते. तोंडें दोन, पण साक्षीदार एकच, असें तें झालें.

मागून आलेले लोक सावध झाले. २०१० सालच्या सप्टेंबरांत नेमलेल्या कांहीं मोजक्या माणसांनी यंत्रांत गुपचूप खोटी लाट घातली. शेंकडो सहकारी कित्येक महिने ती तपाशीत राहिले, निबंधही तयार केला; मार्च २०११ मध्यें रहस्य उघड झालें. ही फसवणूक पाप नव्हे काय? माझ्या मतें नव्हे. असें केव्हांही होऊं शकेल हें सर्वांस आधीं ठाऊक होतें व मान्यही होतें. शेजाऱ्यास फसविणें निराळें, आणि आपली परीक्षा आपण होऊन मागणें निराळें.

१४ सप्टेंबर २०१५ रोजीं लिव्हिंग्स्टन येथील यंत्र हाललें, आणि सेकंदाच्या सुमारें सात हजारांश काळानें ३,००० किलोमीटर दूरचें हॅनफर्ड येथील. हीही कोणी घातलेली खूण नाहीं ना, हें पाहिलें गेलें. पांच महिने तपासून मग जगास सांगितलें कीं, सुमारें १३० कोटी प्रकाशवर्षें दूर दोन कृष्णविवरें एक झालीं होतीं.

दोघांच्या साक्षीनें घटना ठरली. ती आकाशांत नेमकी कोठें घडली हें मात्र सांगतां येईना. त्यासाठीं दूर बसलेले आणखी साक्षीदार लागतात. इटलींतील 'व्हर्गो' यंत्र २०१७ सालीं त्यांस मिळालें. दुधाळ्याचें यंत्र अमेरिकेंतील यंत्रांच्याच घडणीचें असेल. पण त्यापुढें बसून 'आम्हांस आढळलें' किंवा 'आम्हांस आढळलें नाहीं' असें सांगणारे आपल्या देशाचे असतील.