सूर उसना, शब्द आपला

कथा लिहायला बसण्यापूर्वी संगीत ऐकण्याची सवय अनेक लेखकांना असते. कोणी सनई ऐकतो, कोणी बाखचे ऑर्गनवादन, कोणी उपवासकाळातले एखादे आर्त गीत मनाशी गुणगुणतो. दिवसभराच्या व्यवहाराने कोरडे पडलेले मन सुरांनी ओलावते आणि अडलेली लेखणी चालू लागते. यात वावगे काय, असे कोणीही विचारील. वावगे काही नाही. पण विचार करण्याजोगे बरेच आहे. सुरांमुळे लेखकाच्या डोळ्यांत जे पाणी आले, ते त्याच्या कथेतील माणसाच्या दुःखाचे आहे काय?

समजा, होडी परत न आलेल्या एका कोळणीची कथा कोणी लिहीत आहे. खोलीत व्हायोलिनचे करुण सूर भरून राहिले आहेत. लेखक गहिवरतो आणि भराभर लिहितो: तिचे काळीज फाटले, आभाळ कोसळले, दर्याही रडला. दुसऱ्या दिवशी सूर नसताना तेच पान वाचावे, तर ते कोरडे लागते. वाचकाच्या हाती येते ते हेच पान. व्हायोलिन लेखकाच्या खोलीतच राहिलेले असते. शिवाय त्या गहिवरात लेखकाने कोळणीकडे पाहिलेलेच नसते. मांडवावर वाळत घातलेले बोंबील त्या दिवशी कोणी काढले? जाळ्यासाठी घेतलेले कर्ज आता कोण फेडणार? धाकट्याला काय सांगितले? तिचे दुःख या प्रश्नांत होते. लेखक रडला तो स्वतःच्या कोमलतेवर. आठवी आज्ञा शेजाऱ्याविषयी खोटी साक्ष देण्यास मनाई करते. कथेतील माणूस काल्पनिक असला, तरी त्याच्यासारखी माणसे आपल्या गावात राहतात. त्यांच्या दुःखाविषयी न पाहता लिहिणे हीदेखील एक प्रकारची खोटी साक्षच होय.

या प्रश्नाने थोरामोठ्यांनाही अस्वस्थ केले आहे. लिओ टॉलस्टॉय यांनी १८८९ साली ‘क्रॉइट्झर सोनाटा’ ही लघुकादंबरी पूर्ण केली. बेथोव्हेनच्या व्हायोलिन आणि पियानोसाठी रचलेल्या एका कृतीवरून तिला हे नाव मिळाले. तिच्यातील नायकाची तक्रार अशी, की संगीत ऐकणाऱ्याला त्याच्या स्वतःच्या नसलेल्या मनःस्थितीत नेऊन ठेवते आणि जे त्याला खरोखर वाटत नाही ते वाटायला लावते. बोलणारा मत्सराने पत्नीची हत्या केलेला माणूस आहे. त्याची साक्ष जपूनच घेतली पाहिजे. परंतु ती लिहिणारे टॉलस्टॉय संगीताला पारखे नव्हते. १८७६ साली मॉस्कोत चायकोव्हस्कीची एक संथ रचना ऐकताना त्यांचे अश्रू वाहू लागले होते. सुरांचे सामर्थ्य ज्याने अनुभवले, त्यालाच त्यांचे भय कळते.

संत ऑगस्टिन यांची गोष्ट आपल्या अधिक जवळची. मिलान येथे बिशप अँब्रोज यांच्या चर्चमध्ये गायिली जाणारी स्तोत्रे ऐकून, इ. स. ३८७ मधील आपल्या बाप्तिस्म्याच्या दिवसांत, ते रडत असत. त्या अश्रूंनी त्यांचे कल्याणच केले. तरीही पुढे आपल्या आत्मकथनाच्या दहाव्या भागात त्यांनी स्वतःची कठोर तपासणी केली. गायिल्या जाणाऱ्या वचनापेक्षा गायनच आपल्याला अधिक हलवून सोडत असेल, तर तो आपला दोष, असे त्यांनी ठरवले. उपासनेतून सूर हद्दपार करावेत, असेही क्षणभर त्यांच्या मनात आले. पण अखेरीस त्यांनी गायनाच्या बाजूनेच कौल दिला. त्यांनी संगीत टाकले नाही, आपल्या अंतःकरणावर पहारा मात्र ठेवला. लेखकानेही हीच कसोटी लावावी: मला हलवले ते पात्राने की चालीने?

जुन्या करारात या विषयाच्या दोन कथा आहेत. दाविदाची वीणा ऐकून शौल राजाला आराम पडत असे. पण त्याच शौलाने, तीच वीणा वाजत असताना, दाविदावर भाला फेकला. सुरांनी त्याची वेदना शमवली. मनातला मत्सर त्यांना काढता आला नाही. मधुर संगीत ऐकल्याने मन आपोआप निर्मळ होते, या भाबड्या समजुतीला हे उत्तर पुरेसे आहे.

दुसरी कथा अलीशा संदेष्ट्याची. तीन राजे मवाबावर चालून निघाले. सात दिवसांच्या वाटचालीनंतर सैन्याला आणि जनावरांना पाणी उरले नाही. ते अलीशाकडे आले. इस्राएलाच्या राजाला पाहून संदेष्टा संतापला. मग त्याने एका वादकाला बोलावून घेतले आणि वादन चालू असता परमेश्वराचा हात त्याच्यावर आला. संतापलेल्या मनाला आधी शांत व्हावे लागले, मगच दुसऱ्याचा शब्द त्याला ऐकू आला, असा या प्रसंगाचा अर्थ मला लागतो. आणि तो शब्द कोणता? या खोऱ्यात चर खणा. सूर थांबल्यावर हाती कुदळ आली. वारा नाही, पाऊस नाही. पण सकाळी चर पाण्याने भरले होते.

लेखकासाठी संगीताचा उचित उपयोग मला येथे दिसतो. सुरांनी मनात भावना भरायची नसते. मनातला आपलाच गलबला शांत करायचा असतो, म्हणजे त्या कोळणीचा आवाज ऐकू येईल. त्यानंतर खणण्याचे काम असतेच: तिला न्याहाळणे, तिच्या घरचा हिशेब समजून घेणे, खोटा शब्द खोडणे. म्हणून लिहिण्यापूर्वी संगीत अवश्य ऐकावे. पण लिहिलेले तपासताना खोली नि:शब्द असावी. सूर नसतानाही जे वाक्य उभे राहील, तेच ठेवावे.

संगीत पानावर उतरतच नाही असे मात्र नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली प्रथम प्रकाशित झाले. तारणाचा इतिहास सांगण्यासाठी इंग्लंडहून आलेल्या या येशूसंघीयाने मराठी ओवी निवडली. ओवीचा सूर शब्दांतच वसलेला असतो. वाचणाऱ्याच्या ओठांवर तो पुन्हा जागा होतो. गद्यलेखकालाही हे आपल्या परीने साधता येते. वाक्य कोठे थांबावे, कोठे वळावे, हे ज्याला सुरांनी शिकवले, त्याने संगीताचे ऋण फेडले.

आपल्या धर्मग्रामांत लिहिणारे तरुण आहेत. त्यांच्या कानांत सूर असावेत. मात्र सूर ओसरल्यावर ज्याची कथा सांगायची त्याच्या दारी जाऊन, तो काय म्हणतो ते त्यांनी ऐकावे. त्याच्याविषयी खरे लिहिणे हीही शेजारप्रीतीच आहे.