तार तुटली, तर घर कुणाचे?

२० ऑक्टोबर २०२५. आपल्याकडे नरकचतुर्दशीची दुपार, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उत्तररात्र. व्हर्जिनियातल्या अ‍ॅमेझॉनच्या डेटा सेंटरांमध्ये सर्व्हरचे पत्ते शोधून देणारी यंत्रणा बिघडली आणि जगभरच्या असंख्य सेवा कोलमडल्या. त्यांत अंथरुणेही होती! एट स्लीप या कंपनीची गादी झोपणाऱ्याच्या गरजेनुसार थंड-गरम होते, उशाकडून वर उचलली जाते. पण तिचा कारभार क्लाउडवरून चाले. संपर्क तुटला आणि कुणाची गादी तापलेलीच राहिली, कुणाची उचललेल्या अवस्थेत अडकली. हातातला फोन आणि अंगाखालची गादी यांत हातभर अंतर, तरी निरोप जायचा तो दूरच्या सर्व्हरमार्गे. त्यानंतर कंपनीने ब्लूटूथवरून गादी चालवण्याची सोय दिली. म्हणजे ती सोय आधीही देता आली असती. कुणाला तिची निकड वाटली नव्हती, इतकेच.

म्हणून क्लाउडच नको, असे म्हणणे सोपे आहे, पण बरोबर नाही. चोराने कॅमेराच उचलून नेला, तर चित्रण दुसरीकडे साठवलेले असलेलेच बरे. बोललेले वाक्य कुठल्याही उच्चारात समजून घ्यायला जी गणनशक्ती लागते, ती टेबलावरच्या छोट्या खोक्यात सहजी मावत नाही. अ‍ॅमेझॉनचा इको हा बोलण्यावर चालणारा स्पीकर २०१४ साली आला, तेव्हा त्याने कामाची वाटणी शहाणपणाने केली होती : ‘अलेक्सा’ ही हाक खोक्यातच ओळखायची आणि पुढचे वाक्य तेवढे क्लाउडकडे पाठवायचे. सतत ऐकणे घरात, अवघड आकलन बाहेर.

याहून सुंदर वाटणी गूगलने २०१७ मध्ये मोबाइलच्या कीबोर्डसाठी मांडली. तुमच्या टायपिंगवरून शिकण्याचे काम फोनच करतो. बाहेर जातात ते शब्द नव्हेत, तर त्या शिकण्यातून मॉडेलमध्ये झालेले बदल. अनेक फोनांकडून आलेल्या बदलांची सरासरी सर्व्हर काढतो आणि सुधारलेले मॉडेल सगळ्यांना परत मिळते. या बदलांवरूनही मूळ मजकुराचा माग काढता येऊ शकतो, म्हणून ते एकत्र मिसळूनच वाचावे लागतात. तरीही तत्त्व पक्के आहे : अनुभव घरचा, शहाणपण सामाईक.

मग अडते कुठे? कामाच्या वाटणीत नाही, अधिकाराच्या वाटणीत. इकोच्या काही मोजक्या मॉडेलांवर आवाजाचे रेकॉर्डिंग बाहेर न पाठवण्याचा पर्याय होता. २८ मार्च २०२५ पासून अ‍ॅमेझॉनने तो काढून घेतला. खोके तेच, घर तेच. घर आणि क्लाउड यांच्यामधली रेघ मात्र सरकली आणि ती सरकवताना घरमालकाला कुणी विचारले नाही.

दोन कंपन्यांचा शेवट इथे शेजारी ठेवून पाहावा. रिव्हॉल्व्ह हे घरातली उपकरणे एकत्र चालवणारे ३०० डॉलरचे यंत्र. गूगलच्या मालकीच्या नेस्टने २०१४ मध्ये ते बनवणारी कंपनी घेतली आणि मे २०१६ मध्ये सर्व्हर बंद केले. धडधाकट यंत्रे एका दिवसात निकामी झाली. तशीच उपकरणे बनवणाऱ्या इन्स्टिऑनचे सर्व्हरही एप्रिल २०२२ मध्ये अचानक बंद पडले. मोबाइल अ‍ॅप मुके झाले, पण भिंतीवरची बटणे दिवे लावत राहिली, कारण त्यांचे आपसातले निरोप घरातल्याच वायरिंगमधून आणि रेडिओलहरींवरून जात. पुढे ग्राहकांपैकीच काहींनी ती कंपनी विकत घेतली. घरात जीव उरला होता, म्हणून वाचवण्यासारखे काही उरले.

दिवा, कुलूप, पंखा, गीझर ही घराची मूलभूत कामे घरातल्या घरातच चालली पाहिजेत. क्लाउडने त्यांवर सोयींची भर घालावी, परवानगी देण्याचा हक्क सांगू नये. कंपन्यांना हे आपणहून सुचणार नाही. ग्राहक सर्व्हरला बांधलेला राहिला, की दरमहा वर्गणी वसूल करणे सोपे जाते. २०२२ मध्ये आलेल्या ‘मॅटर’ या मानकामुळे निरनिराळ्या कंपन्यांची उपकरणे घरच्या नेटवर्कवरच एकमेकांशी बोलू शकतात. तेव्हा तांत्रिक अडचणीची सबबही आता फारशी टिकत नाही.

आपल्याकडे २००६ पासून उपकरणांवर वीजबचतीचे तारे छापले जातात आणि फ्रिज घेताना आपण ते मोजतो. स्मार्ट उपकरणाच्या खोक्यावरही तीन ओळी सक्तीने छापाव्यात : इंटरनेटशिवाय काय चालेल, सर्व्हर किती वर्षे चालू ठेवू, कोणती माहिती घराबाहेर जाते. पहिल्याच पावसात नेट जाणाऱ्या आपल्या गावांत पहिली ओळ सर्वांत आधी वाचली जाईल. वॉरंटी किती वर्षांची, हे आपण दुकानदाराला विचारतोच. त्याच दमात ‘नेट गेलं तर काय चालेल?’ असेही गिऱ्हाईक विचारू लागले, तर कायदा येण्याआधीच ती ओळ खोक्यावर येईल.