स्थिर काय धरलं?

भौतिकशास्त्राचं गणित सोडवायला बसलेला विद्यार्थी आधी ‘दिलेले’ लिहितो, मग ‘सूत्र’, मग आकडे भरतो. कोणती राशी बदलते, कोणती स्थिर धरली आहे आणि कोणत्या राशीचा इथे संबंधच नाही, हे त्याला ठरवावंच लागत नाही. गणित रचणाऱ्याने ते आधीच ठरवलेलं असतं. माझ्या मते विद्यार्थ्याच्या हातून काढून घेतलेलं हे कामच भौतिकशास्त्राचा गाभा आहे. साध्या लंबकाचं सूत्र आज एका ओळीत मावतं, पण त्या ओळीत काय घ्यायचं आणि काय वगळायचं हे ठरायला पिढ्या लागल्या. गॅलिलिओने 1638च्या ग्रंथात शिशाचा गोळा आणि बुचाचा गोळा सारख्याच लांबीच्या दोऱ्यांना टांगल्याचं वर्णन केलं आहे. वजनात शंभरपटीहून अधिक फरक असूनही दोन्ही बरोबरीने झुलतात, म्हणून वजन बाद. झोका मोठा की छोटा यानेही झोक्याचा काळ बदलत नाही, असं तो म्हणाला, आणि तिथे तो चुकला. मोठ्या झोक्याला जास्त वेळ लागतो हे डच शास्त्रज्ञ हायगेन्सने ओळखलं आणि 1673मध्ये काळ खरोखर सारखा राहील असा वक्र मांडला. त्याआधीच, 1672मध्ये, फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जाँ रिशे पॅरिसहून दक्षिण अमेरिकेतल्या, विषुववृत्ताजवळच्या केयेनला गेला होता. त्याचं लंबकाचं घड्याळ तिथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटं मागे पडू लागलं. दोरी तीच, गोळा तोच. बदललं होतं ते गुरुत्वत्वरण, जे तोवर सहसा सगळीकडे सारखंच धरलं जाई. न्यूटनने हा पुरावा पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर आहे या सिद्धांतासाठी वापरला. थोडक्यात, ‘स्थिर’ ही राशीच्या अंगची खूण नसते, तो आपला दावा असतो आणि तो तपासावा लागतो.

यावर शिक्षकांचा आक्षेप रास्त आहे: पोर्शन संपवायचा, प्रॅक्टिकल उरकायची, आणि एवढा विचार मुलांना झेपणार का? मुलांच्या विचारपद्धतीचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ पियाजे आणि इन्हेल्डर यांनी मुलांसमोर हाच लंबक ठेवला होता. लहान मुलं दोरी आणि वजन एकाच वेळी बदलून श्रेय वजनाला देत. एकच गोष्ट बदलून बाकीच्या तशाच ठेवण्याची रीत त्यांना किशोरवयात आढळली. म्हणजे प्रयोगवही जेव्हा सगळं आयतं देते, नेमकं तेव्हाच हे शिकवायचं वय असतं. शिवाय चूक किती सहज घुसते ते पाहा. दोरी 20 सेंटीमीटर, गोळ्याची त्रिज्या 1 सेंटीमीटर. वजनाचा परिणाम पाहायला त्याच दोरीला 2 सेंटीमीटर त्रिज्येचा गोळा लावला. लंबकाची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजतात, म्हणून ती 21ची 22 झाली. वीस आंदोलनांना सुमारे 0.4 सेकंद जास्त लागतात आणि विद्यार्थी प्रामाणिकपणे लिहितो, ‘जड गोळा सावकाश झुलतो.’ स्टॉपवॉच बरोबर, मोजणी बरोबर, आकडेमोड बरोबर. निष्कर्ष मात्र चूक, कारण वजनाबरोबर लांबीही बदलली हे त्याच्या लक्षातच आलं नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. एका वेळी एकच चल बदलावं हा नियमच अपुरा आहे, असं संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरने इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड या कृषी संशोधन केंद्राच्या शेतांवरच्या प्रयोगांतून दाखवलं. खत आणि वाण एकत्र बदलले तरच त्यांचा एकमेकांवरचा परिणाम कळतो. हे मला पूर्ण मान्य आहे. पण अनेक चलं एकत्र बदलायची तर ती कोणती हे आधी ओळखावं लागतं, आणि जी ओळखता आली नाहीत त्यांच्यासाठी फिशरने वाफ्यांची निवड यादृच्छिक ठेवली. म्हणजे त्याने चलं ओळखण्याची जबाबदारी वाढवली, कमी केली नाही.

म्हणून प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना एक विनंती. लंबकाच्या गणितात गोळ्याचं वस्तुमानही द्या, आणि ते का वापरलं नाही याला एक गुण ठेवा. प्रॅक्टिकलच्या तोंडी परीक्षेत सूत्र विचारण्याआधी एवढंच विचारा: तू काय स्थिर ठेवलंस, आणि ते स्थिर राहिलं हे कशावरून?