मोठ्या गाडीतील मोकळी जागा



नवे वाहन घेतले की ते आशीर्वादासाठी चर्चच्या आवारात आणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. सायकल येते, मोटारसायकल येते, ऑटो येतो, कधी ट्रॅक्टर येतो. पवित्र पाणी शिंपडले जाते, पेढे वाटले जातात, सगळ्यांना आनंद होतो. पण एखादवेळी लांबलचक, चकचकीत, लाखोंच्या किमतीची गाडी दिसली की दोन प्रकारची कुजबुज ऐकू येते. एक जण म्हणतो, "देवाने भरभरून दिले हो!" दुसरा म्हणतो, "एवढ्या पैशांत किती जणांचे संसार उभे राहिले असते!" दोघेही श्रद्धावंत, दोघेही आपलेच. मग खरे कोणाचे? ख्रिस्ती माणसाने अशी गाडी घ्यावी की घेऊ नये?

हा प्रश्न आपल्या महाराष्ट्राने एकदा फार मोठ्या प्रमाणावर पाहिला आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, उद्योजक-व्यापारी मंडळींनी एकत्र येऊन एकाच वेळी दीडशे मर्सिडीज गाड्या घेतल्या. व्यवहार सुमारे ६५ कोटी रुपयांचा होता. घेणाऱ्यांचे म्हणणे सरळ होते. आमच्या शहराला लोक मागासलेले समजतात. इथेही पैसा आहे, धडाडी आहे, हे जगाला दिसू द्या, म्हणजे गुंतवणूक येईल. देशभर बातमी झाली. पुढे पत्रकार पी. साईनाथ यांनी त्याच व्यवहाराची दुसरी बाजू मांडली. या गाड्यांसाठी सरकारी बँकेचे कर्ज सुमारे सात टक्के व्याजाने मिळाले होते, आणि त्याच जिल्ह्यातील एका शेतकरी बाईने काही वर्षांपूर्वी घेतलेल्या ट्रॅक्टरच्या कर्जावर जवळपास सोळा टक्के व्याज लागले होते. गाडी घेणाऱ्यांनी चोरी केली नव्हती, लबाडीही केली नव्हती. तरीही हे दोन आकडे शेजारी ठेवले की मन अस्वस्थ होते. ही अस्वस्थता कशाची, ते आज शांतपणे तपासून पाहू.

आधी गाडीवाल्यांची बाजू नीट ऐकली पाहिजे. ज्यांनी अशी मोठी गाडी घेतली त्यांना विचारले तर साधारण चार कारणे पुढे येतात.

पहिले कारण सुरक्षितता. गाडी जड आणि मजबूत, ब्रेक उत्तम, चारी बाजूंनी एअरबॅग. लेकराबाळांना घेऊन रात्री नागपूरहून यायचे तर जिवाची हमी हवी. कारण खोटे नाही, पण अपुरे आहे. टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात गेले. गाडी मर्सिडीजच होती. पुढचे दोघे वाचले, मागचे दोघे दगावले; मागे बसलेल्यांनी सीटबेल्ट लावला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. लाखोंची सुरक्षितता एका पट्ट्यावर अवलंबून असते, आणि तो पट्टा आपल्याच हाताने लावावा लागतो.

दुसरे कारण आराम. पाठीचे दुखणे असलेला, महिन्यातून दहा वेळा प्रवास करणारा माणूस म्हणतो, "फादर, या गाडीतून उतरलो की अंग मोडून येत नाही." यातही पाप नाही. शरीर देवाने दिले आहे, त्याची काळजी घ्यावी. शिवाय चांगली बनवलेली वस्तू वापरण्याचा आनंद हाही देवाच्या देणग्यांपैकी एक आहे. आपल्याच राज्यात चाकणला या गाड्या जुळवणाऱ्या कामगारांच्या हातांत जे कसब आहे ते निर्मात्याकडूनच आलेले आहे. त्याचे कौतुक करणाऱ्याला आपण नावे ठेवू नयेत.

तिसरे कारण धंद्याचे. "लहान गाडीतून गेलो तर ऑफिसात कोणी खुर्ची देत नाही, मोठी गाडी पाहिली की बँकेचा साहेब उठून उभा राहतो." हे कारण खरे आहे, आणि म्हणूनच वाईट वाटते. इथे दोष एकट्या गाडीवाल्याचा नाही, उठून उभ्या राहणाऱ्या आपल्या सगळ्यांचा आहे. संत याकोबाने आपल्या पत्रात नेमके हेच सांगितले आहे: सोन्याची अंगठी घातलेल्याला सभेत मानाची जागा आणि फाटक्या कपड्यांतल्याला खाली बसवणे, हा पक्षपात आहे.

चौथे कारण असे, "मी घाम गाळून कमावले, मग विचारणारे तुम्ही कोण?" या कारणाकडे पुढे येऊ.

आता थोडा आपल्या मातीतला हिशेब करू. गाडी ७५ लाखांची धरा. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा सरकारी हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. म्हणजे ती गाडी सुमारे एक हजार क्विंटल कापसाची झाली. कोरडवाहू शेतीत एकरी पाच क्विंटल धरले तर दोनशे एकरांचे सगळे पीक, तेही बियाणे, खत, फवारणी, निंदण आणि वेचणीची मजुरी वजा न करता. जिल्हा आपला यवतमाळ. महागाव तालुक्यातील चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पत्नी आणि चार लेकरांसह जीवन संपवले. २००६ मध्ये केंद्र सरकारने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज दिले त्यांत आपण होतो. २०१७ मध्ये फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, तेही आपल्याच जिल्ह्यात. हे मी कोणाला टोचण्यासाठी सांगत नाही. किंमत रुपयांत मोजली की ती फक्त आकडा असते. आपल्या भागात ती कापसात मोजली की तिच्यामागचे हात दिसू लागतात. गाडी घ्यायचीच असेल तर ती हे हात पाहून घ्यावी.

आता चौथ्या कारणाकडे वळू. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी मालमत्तेविषयी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. एक, वस्तू मिळवणे आणि सांभाळणे. दुसरी, वस्तू वापरणे. पहिल्या बाबतीत त्यांनी खासगी मालकी योग्य ठरवली, कारण जे सगळ्यांचे असते त्याची काळजी कोणीच घेत नाही. पण वापराच्या बाबतीत त्यांचे म्हणणे असे की, माणसाने आपली वस्तू केवळ स्वतःची समजू नये; गरजवंताची वेळ आली की ती चटकन पुढे करता यावी. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ च्या आपल्या प्रसिद्ध परिपत्रकात हाच भेद पुन्हा मांडला, आणि पोप पॉल सहावे यांनी १९६७ मध्ये खासगी मालकीचा हक्क निरपेक्ष नाही, असे आणखी ठामपणे सांगितले.

म्हणजे "मी कमावले" हे उत्तर "गाडी कोणाची?" या प्रश्नाचे आहे. "गाडी कशासाठी?" या प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळत नाही. आरसी बुकवर नाव तुमचे आहे, ते कोणी पुसत नाही. पण गाडीतल्या जागेवर कोणाचा हक्क आहे हे आरसी बुक सांगू शकत नाही.

संत थॉमस आणखी एक गोष्ट सांगतात, ती ऐकून काहींना आश्चर्य वाटेल. मोठा खर्च करणे हा सद्गुणही असू शकतो. पण तो थोर कामासाठी असावा, देवाच्या गौरवासाठी किंवा समाजाच्या हितासाठी. जो मंदिर बांधतो, दवाखाना उभारतो, त्याचा हात मोठा म्हणायचा. फक्त स्वतःवर खर्च करणाऱ्याचा खर्च मोठा असतो, हात नव्हे.

शुभवर्तमानात श्रीमंतांना एकच उत्तर दिलेले नाही, हे लक्षात घ्या. श्रीमंत तरुणाला प्रभूने सर्व विकायला सांगितले. जक्कयाने अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ केली तेव्हा त्याच्या घरी तारण आले. लाजराच्या दाखल्यातील श्रीमंताने पैसा वाईट मार्गाने मिळवला, असे कुठेही म्हटलेले नाही. दारात पडलेला माणूस त्याला दिसला नाही, एवढाच त्याचा अपराध. आज ते दार म्हणजे एसी चालू ठेवण्यासाठी वर केलेली काच आहे. काच वर करणे पाप नाही, पण काचेपलीकडे कोण आहे हे दिसेनासे होणे धोक्याचे आहे.

आणि पवित्र शास्त्रात एक आलिशान गाडीही आहे! प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात कूश देशाच्या राणीचा खजिनदार यरुशलेमहून गाझाकडे जाणाऱ्या रस्त्याने रथातून परतत आहे. त्या काळी असा रथ मोठ्या अधिकाऱ्याकडेच असे. तो रथात बसून यशयाचे पुस्तक वाचत होता. फिलिप रस्त्याने धावत आला, धुळीने माखलेला असणार. खजिनदाराने काय केले? त्याला वर बोलावले आणि शेजारी बसवले. पुढे पाणी दिसताच रथ थांबवायला सांगितला आणि बाप्तिस्मा घेतला. फिलिपने त्याला रथ विकायला सांगितले नाही. पण त्या रथात एक जागा मोकळी होती आणि मालकाला रस्त्यावरचा माणूस दिसत होता, थांबताही येत होते. त्या मोकळ्या जागेतूनच त्याचे तारण आले.

म्हणून मोठी गाडी घेणाऱ्या माझ्या बंधू-भगिनींनो, तुमच्यापुढे मी तीन परीक्षा ठेवतो.

पहिली: ही गाडी कोणालाच दिसणार नसती तरी तुम्ही ती घेतली असती का? अमेरिकन विचारवंत थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी १८९९ मध्येच दाखवून दिले की, पुष्कळसा खर्च आपण वापरासाठी नव्हे तर दिसण्यासाठी करतो. आराम आणि सुरक्षितता यांचे पैसे किती आणि शेजाऱ्याच्या डोळ्यांचे किती, हा हिशेब ज्याचा त्याने रात्री एकांतात करावा. ओरखडा पडेल या भीतीने जो रस्त्यावर गाडी लावत नाही, गतिरोधकावर खालून घासली की दिवसभर जेवत नाही, त्याने आणखी एक प्रश्न विचारावा: मालक कोण, मी की गाडी?

दुसरी: तुमचा ड्रायव्हर कुठे जेवतो? मे महिन्यात लग्नाला गेलात, पारा पंचेचाळीसवर, तुम्ही मंगल कार्यालयात कूलरपुढे. त्या वेळी तो कुठे असतो? रात्री दोनला पोहोचून सकाळी सहाला निघताना त्याची झोप झाली आहे का, हे कोणी विचारले? हा दयेचा प्रश्न आहे आणि तुमच्या जिवाचाही. आणि तो गाडी चालवताना जिनिंगला कापूस घेऊन निघालेल्या बैलगाडीमागे हॉर्न वाजवत राहतो की थोडा धीर धरतो, हे तो तुमच्याकडे पाहूनच शिकतो.

तिसरी सर्वांत कठीण: रस्त्यावर रक्तबंबाळ माणूस पडलेला दिसला तर त्याला तुमच्या त्या पांढऱ्या चामडी सीटवर घ्याल का? चांगल्या शोमरोनी माणसाने जखमीला स्वतःच्या जनावरावर बसवले, स्वतः पायी चालला. आज पोलिसांच्या भीतीचे कारणही उरलेले नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मदत करणाऱ्यांना संरक्षण दिले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलमच आले. कायद्याची अडचण सरली, आता अडचण फक्त सीटच्या रंगाची आहे. ज्या गाडीत जखमी माणसाला जागा नाही ती गाडी कितीही लांब असली तरी लहानच.

आता ज्यांच्याकडे अशी गाडी नाही, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांना, दोन शब्द. दुसऱ्याच्या गाडीकडे पाहून जे बोलतो त्यात न्यायाची चाड किती आणि हेवा किती, तेही तपासावे. हेवा वाटणारा माणूस गरिबांचे नाव घेऊन स्वतःची इच्छा बोलून दाखवतो. शिवाय प्रत्येक जण कोणासाठी तरी 'मोठ्या गाडीवाला' असतोच. वेचणीला पायी जाणाऱ्या बाईला तुमची जुनी मारुतीही मर्सिडीजच वाटते. हप्त्यावर घेतलेली मोटारसायकल, ऐपतीबाहेरचे लग्न, महागडा मोबाईल यांनाही या तीनही परीक्षा लागू आहेत.

आणि सर्वांत आधी त्या आम्हा धर्मगुरूंना लागू आहेत. पोप फ्रान्सिस यांनी ६ जुलै २०१३ रोजी सेमिनरीतील विद्यार्थी आणि नवशिक्या व्रतस्थांना स्पष्ट सांगितले होते की, एखाद्या धर्मगुरूला किंवा सिस्टरला नव्या मॉडेलच्या गाडीत पाहून त्यांना वेदना होतात. काम आहे म्हणून गाडी लागते, पण साधी घ्या आणि उपाशी लेकरांची आठवण ठेवा. एप्रिल २०२५ मध्ये देवाघरी जाईपर्यंत ते स्वतः शक्यतो साध्या गाड्यांतून फिरत असत.

शेवटी आशीर्वादाविषयी. ख्रिस्तसभेच्या १९८४ च्या आशीर्वाद-विधींच्या ग्रंथात वाहनांसाठी खास विधी आहे. त्या प्रार्थनेचा रोख लोखंडाकडे नसून त्यातून जाणाऱ्या माणसांकडे आहे. त्यामुळे गाडी लहान असो वा मोठी, पवित्र पाणी सारखेच पडणार. एवढी विनंती मात्र आहे: आशीर्वाद घेण्यापूर्वी घरात बसून ठरवा की, या गाडीतील मोकळी जागा कोणासाठी राखायची. रविवारी चर्चला येताना वाटेतल्या म्हाताऱ्या आजीसाठी, रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायच्या गरोदर बाईसाठी, की परीक्षेला निघालेल्या पोरासाठी? ते नाव ठरले की गाडी घेऊन या.

प्रभू तुमचा प्रवास सुखरूप करो आणि तुमच्या शेजारची जागा कधी रिकामी न ठेवो.

आपला,
धर्मगुरू