एका वासनिकाचे स्मरण



आमच्या परिचयातील एक वासनिक गृहस्थ अन्ननलिकेच्या कर्करोगाने निवर्तले. ‘प्रपंच सुटला नाही, अनुसरण घडले नाही,’ ही खंत त्यांनी अंथरुणावर आम्हांजवळ बोलून दाखविली. आम्ही गप्प राहिलो. तो आमचा प्रमाद. परमेश्वराच्या असंनिधानी स्थान, प्रसाद, भिक्षुक व वासनिक ही चार साधने मानिली आहेत, हे त्यांस तेव्हाच सांगावयास हवे होते. ज्या पदास ते उणे समजत, ते भिक्षुकाच्या शेजारीच गणिले आहे!

स्वतःस घास गिळवेना, तरी मुले जेवली की नाही हे विचारल्यावाचून त्यांनी डोळे मिटले नाहीत. ओठ नामस्मरणात हलत असत. त्याच घरची भिक्षा आम्ही कित्येक वर्षे घेतली.