सोळा नंबरवर कान



उत्तन, पाचूबंदर, अर्नाळ्याहून आपल्या बोटी समुद्रात जातात. व्हीएचएफ रेडिओचा चॅनल १६, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, जगभर संकटाच्या व पहिल्या हाकेसाठी ठेवलेला आहे. मोबाइलवरची हाक एकालाच जाते. ही हाक टप्प्यातल्या, सेट चालू असलेल्या प्रत्येक बोटीला.

मात्र माइकचे बटण दाबलेले असेपर्यंत आपल्याला काहीच ऐकू येत नाही. ते अडकून राहिले तर इतरांचीही वाट बंद. कोणी बुडत असेल आणि त्याच्या हाकेवर आपल्या बोटीवरची गाणी पसरलेली! गप्पांसाठी दुसऱ्या चॅनलवर जावे.

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या १४ व्या अध्यायात पेत्र बुडू लागला. त्याने लांबलचक प्रार्थना केली नाही, मोजक्या शब्दांत प्रभूला हाक मारली. रेडिओवरही तसेच: 'मेडे' तीनदा, बोटीचे नाव, ठिकाण, काय झाले, माणसे किती. मग बटण सोडायचे आणि ऐकायचे. प्रार्थनेत आपण नेमके हेच विसरतो. मागण्यांची यादी संपली की क्रूसाची खूण करून उठतो. प्रभूने बोलावे कधी?

आणि हाक दुसऱ्याची असेल तर? जाळे पाण्यात आहे, मासळी लागली आहे, डिझेल महाग आहे. आपल्याला सारे कळते. तरीही जवळच्या बोटीने उत्तर द्यावे. किनाऱ्यावरून कोणी उत्तर देत नसेल, तर तीच हाक त्याच्या वतीने पुढे पोहोचवावी. तिला 'मेडे रिले' म्हणतात.