वावरात गेला तो

आषाढात चार दिवसांची झड थांबून उघाड पडली, की देऊळघाटात सकाळी घरोघरी एकच घाई असते. पैनगंगेकाठची काळी जमीन वाफशावर आली, म्हणजे डवरा आजच चालला पाहिजे. आणखी चार दिवस गेले तर तण पिकाच्या डोक्यावर बसतं. बाप थोरल्याला म्हणतो, "वावरात जाय." तो पांघरुणातूनच म्हणतो, "मी नाई जात." धाकटा मात्र लगेच "हो बाबा, निंघालोच" म्हणतो, चहा पितो आणि मोटरसायकल काढून बुलढाण्याच्या रस्त्याला लागतो. तासाभराने थोरला उठतो, चरफडत बैल सोडतो आणि वावर गाठतो.

येशूने मत्तयाच्या शुभवर्तमानात हीच गोष्ट सांगितली आहे. तिथे कपाशी-सोयाबीनच्या जागी द्राक्षमळा आहे, एवढंच. बापाचं मन कोणी राखलं, असं त्याने विचारलं तेव्हा ऐकणाऱ्या याजकांना आणि वडीलधाऱ्यांनाही गेला त्याचंच नाव घ्यावं लागलं. मग त्याने त्यांना तोंडावर सांगितलं, की जकातदार आणि वेश्या तुमच्या आधी देवाच्या राज्यात जातील. हे दुसरं वाक्य प्रवचनांत जरा घाईने उरकलं जातं.

नुसता विश्वास पुरतो की आज्ञापालनही लागतं, हा वाद नवा नाही. पौलाच्या मते माणूस नीतिमान ठरतो तो विश्वासाने. याकोब म्हणतो, कृतीवाचून विश्वास निर्जीव. मार्टिन ल्यूथरला याकोबाचं पत्र इतकं खटकलं, की १५२२ मध्ये त्याने त्याची गणना पेंढ्यात केली. विश्वासाच्या बाजूचा सर्वांत बळकट साक्षीदार म्हणजे येशूशेजारी वधस्तंभावर टांगलेला चोर. त्याचा ना बाप्तिस्मा झाला, ना त्याने काही दानधर्म केला. माझी आठवण ठेव, एवढं तो म्हणाला आणि सुखलोकाचं वचन मिळवून गेला. मला हा दाखला पूर्ण मान्य आहे. पण तो देणाऱ्यांचे हात मोकळे असतात आणि त्या चोराचे खिळलेले होते, हेही ध्यानात ठेवायला हवं.

खरी अडचण पुढे आहे. पाळायची ती आज्ञा कोणाची?

हा प्रश्न पंडिता रमाबाईंइतका कोणा मराठी माणसाला छळला नसेल. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांनी लहानग्या लेकीसह, मनोरमेसह, बाप्तिस्मा घेतला. तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन त्यांच्या धर्ममाता. पुढच्या दोन-तीन वर्षांत या दोघींमध्ये जो पत्रव्यवहार झाला, तो वाचताना कोणाची बाजू घ्यावी हे लवकर कळत नाही, कारण माया दोन्हीकडे आहे. सिस्टरचं म्हणणं असं, की चर्चमध्ये आलीस तर चर्चचा अधिकार मान. रमाबाईंचं म्हणणं असं, की पुरोहितांचं जोखड नुकतंच मानेवरून उतरवलंय, ते दुसऱ्या रंगाचं म्हणून परत घेणार नाही. देवाचं वचन मानीन. बिशपचा शब्द म्हणजे देवाचा शब्द नव्हे. त्रैक्याचा सिद्धान्त त्यांना तेव्हा पटत नव्हता आणि न पटलेलं पटलं म्हणायची त्यांची तयारी नव्हती. वाद अगदी ताटापर्यंत आला. अंडं घातलेलं पुडिंग रमाबाई खात नसत. त्यातही सिस्टरना जुन्या जातीचा अहंकार दिसला. ख्रिस्तावर विश्वास ठेवायचा तर पुडिंग का खावं लागतं, हे मलाही अजून कळलेलं नाही.

बाहेरून पाहणाऱ्याला ही बाई "मी नाई जात" म्हणणाऱ्या थोरल्यासारखीच वाटली असणार. पण पुढच्या तारखा पाहा. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं. आणि 'अ टेस्टिमनी' या १९०७ च्या आत्मनिवेदनात त्या सांगतात, की बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो भेटला आठेक वर्षांनी, म्हणजे १८९१ च्या सुमारास. सदन सुरू होऊन तोवर दोन वर्षं झाली होती. काम आधी लागलं, मनाचं समाधान मागून आलं. आधी विश्वास पक्का करा, मग आज्ञा पाळा, हा क्रम पुस्तकात सरळ दिसतो. रमाबाईंच्या आयुष्यात तो उलटा पडला. चरफडत वावरात गेलेल्या पोरालाही बापाचं मन कळलं असेल तर ते तासातून डवरा ओढतानाच, असं मला वाटतं.

त्यांचं सगळंच मला पटतं असं नाही. सदनात धर्मप्रसार होणार नाही, या भरवशावर पालकांनी मुली पाठवल्या होत्या. रमाबाईंच्या प्रार्थनेला त्या मुली येऊन बसू लागल्या, तेव्हा १८९३ मध्ये सुधारक रानडे आणि भांडारकर सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. रमाबाई म्हणत, मी कोणाला बोलावत नाही, माझं दार मात्र बंद करणार नाही. प्रामाणिक उत्तर आहे, पण दिलेला शब्द पाळणं हीसुद्धा आज्ञाच असते आणि रानड्यांची नाराजी नुसती कर्मठपणाची नव्हती.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाईंचे आईवडील आणि थोरली बहीण अशाच एका दुष्काळात, उपासमारीने खचून गेलेली. मध्य प्रांतातून बातम्या येऊ लागल्या तशा त्या स्वतः तिकडे गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली-बायका घेऊन आल्या. हाताशी पैसा नव्हता. सदन तोवर पुण्यात आलं होतं आणि तिथे प्लेगमुळे इतकी माणसं ठेवू देईनात, म्हणून त्यांना केडगावच्या शेतावर नेलं. तिथे राहायला पुरेशी घरंही नव्हती. सुरुवात तंबू-झोपड्यांत झाली. या मुलींना आणा, असं कोणत्याही बिशपने त्यांना सांगितलं नव्हतं.